दुधातल्या गॅलॅक्टोजचं आणि ग्लुकोजचं रेणुसूत्र एकच, मग त्या वेगळ्या साखरा कशा?

सूत्र म्हणजे फक्त अणूंची मोजदाद. दोन्हींत ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन, आणि ते जोडलेलेही त्याच क्रमाने. फरक फक्त चौथ्या कार्बनपाशी आहे: तिथला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) गॅलॅक्टोजमध्ये उलट्या बाजूला असतो. बस, एवढंच!

पण एवढ्याने बरंच बदलतं. गॅलॅक्टोज कमी गोड लागतं. नायट्रिक आम्लाबरोबर तापवलं तर त्याचं म्युसिक आम्ल होतं, जे पाण्यात जेमतेम विरघळतं आणि पांढरे स्फटिक होऊन तळाशी बसतं. ग्लुकोजपासून बनणारं आम्ल मात्र विरघळलेलंच राहतं. या दोघांना ओळखायची ही जुनी चाचणी मला अजूनही फार आवडते.

दुधात गॅलॅक्टोज सुटं जवळपास नसतंच. त्याचा पहिला कार्बन ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनला ऑक्सिजनमार्फत जोडलेला असतो, तेच लॅक्टोज. लहान आतड्यातलं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) ती जोडणी तोडतं. पुढे मुख्यतः यकृतात गॅलॅक्टोजवर फॉस्फेट चढतं, मग ते युरिडिन डायफॉस्फेट या वाहक रेणूला जोडलं जातं आणि तिथेच एक विकर तो चौथ्या कार्बनवरचा गट पुन्हा ग्लुकोजसारखा फिरवतं. हा मार्ग उलगडणाऱ्या लुई लेलॉयर यांना १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या साखळीतलं विकर जन्मतःच नसेल तर गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे शरीराला गॅलॅक्टोज नीट वापरता न येण्याचा आजार, होतो. अशा बाळाला आईचं दूधही चालत नाही.