सांगणं, म्हणणं, बोलणं आणि इंग्रजीतली चार क्रियापदं

प्रश्न असा आहे: 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' या चारींचा अर्थ शब्दकोशात सांगणे-बोलणे असाच सापडतो, मग संभाषणात कुठलं कधी वापरायचं? आणि 'ही टोल्ड टू मी' यात चुकतं काय?

चुकीपासूनच सुरुवात करू, कारण तिचं मूळ आपल्या विभक्तीत आहे. 'त्याने मला सांगितलं' यातल्या 'ला'साठी आपण 'टू' घालतो. 'टेल'ला तो नको असतो, ऐकणारा माणूस थेट क्रियापदाला चिकटतो: 'ही टोल्ड मी'. 'से'चं उलट आहे. त्याला आधी शब्द हवेत. माणूस आलाच तर 'टू' घेऊन येतो: 'ही सेड सॉरी टू मी'. म्हणून 'ही सेड मी' हेही चूकच. ढोबळ खूण अशी, की 'म्हणाला' बसतं तिथे 'से' आणि 'अमक्याला सांगितलं' बसतं तिथे 'टेल'. निरोप किंवा हुकूम असेल तर 'टेल'च: 'टेल हिम टू वेट'. नकार असेल तर 'नॉट' हा 'टू'च्या आधी: 'टेल हिम नॉट टू कम'.

माणसाचा उल्लेख नसतानाही 'टेल' येतं अशी काही ठरलेली जोडपी आहेत: खरं, खोटं, गोष्ट आणि घड्याळातली वेळ. 'टेल अ लाय' म्हणतात, 'से अ लाय' नाही. ही पाठच करावी लागतात. 'गाणं म्हण' मधलं म्हणणं मात्र 'सिंग'.

खरा घोळ 'बोलणे'चा आहे. मुंबईकडे 'तो बोलला, उद्या येतो' असं सर्रास ऐकू येतं. हे वाक्य मनात ठेवून इंग्रजी केलं की 'ही स्पोक दॅट ही विल कम' तयार होतं. 'स्पीक' आणि 'टॉक' यांच्यामागून असा 'दॅट' येत नाही. तेव्हा आधी मनात 'बोलला'च्या जागी 'म्हणाला' ठेवून पाहा. वाक्य शाबूत राहिलं, तर तिथे 'से' हवं: 'ही सेड ही वुड कम'.

'शी' असेल तर मात्र ते खरं बोलणं: 'मी तिच्याशी बोललो', 'आय टॉक्ड टू हर'. 'टू'ची जागा इथे आहे, 'विथ'ही चालतं. गप्पा, घरगुती विषय असतील तर 'टॉक'. थोडं औपचारिक, सभेतलं किंवा फोनवर कुणाला मागायचं असेल तर 'स्पीक': 'कॅन आय स्पीक टू द मॅनेजर?' भाषेसाठी 'स्पीक'च; 'आय टॉक मराठी' कानाला खटकतं.

'आई मला बोलली' म्हणजे रागावली, हा अर्थ 'स्पीक' किंवा 'टॉक' एकट्याने देत नाहीत. तिथे 'शी स्कोल्डेड मी' म्हणा, किंवा रोजच्या बोलण्यात 'शी टोल्ड मी ऑफ'.

एक उपयोग आपल्याला सहसा सुचत नाही. पाटीवर, चिठ्ठीवर, औषधाच्या बाटलीवर 'असं लिहिलंय' यासाठी इंग्रजीत सरळ 'से' वापरतात: 'द लेबल सेझ टू स्पून्स'. उच्चार 'सेझ', 'सेईज' नव्हे. तसंच 'सेड', 'सेईड' नव्हे.