उताराच्या बर्फावर जाण्यापूर्वी

मेळघाटाच्या पायथ्याशी वाढलेल्या आणि आता स्कीइंगसाठी गुलमर्गला निघालेल्या तुम्हा मित्रांना चढण नवी नाही. परंतु चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, तर गुलमर्गचा गोंडोला (केबल कार) अफरवट शिखरावर ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो, म्हणून पहिले काही दिवस खालच्या आखीव उतारांवरच घालवावेत. नवख्याला भीती वाटते ती घसरण्याची. खरा धोका हिमस्खलनाचा असतो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि स्कीइंगची मजाही (दुर्दैवाने) तिथेच असते. रात्री ताजा बर्फ पडून वारा सुटला असेल, तर सकाळचे निरभ्र आकाश पाहून भुलू नये, कारण वाऱ्याने साचवलेला थर खालच्या कमकुवत थरावरून एका माणसाच्या वजनानेही सुटू शकतो. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारे रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे हवेच. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे त्याला वाचवू शकतात ते सोबतचेच. याचा सराव गावातच करावा: तूर निघालेल्या वावरात एकाने ट्रान्सीव्हर पुरावा आणि इतरांनी घड्याळ लावून तो शोधावा. उतारावर एका वेळी एकानेच जावे, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. आणि एकानेही नको म्हटले, तर कारण न विचारता सर्वांनी परतावे.