मेंबर वाढले, पण ओळखीचं कुणीच नाही

प्रश्न : आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपची साइट आहे, पुतण्याने वर्डप्रेसवर करून दिली. डावणी, भुरी, छाटणी असं काहीबाही लोकं विचारतात, बाकीचे उत्तरं देतात. दिवाळीनंतर मेंबर धडाधड वाढायला लागले, आता हजाराच्या वर गेलेत. आधी मला बरंच वाटलं, पण नावं अशी की वाचताच येत नाहीत आणि त्यातला एकही कधी काही विचारत नाही. त्रास तर काही नाही, मग राहू देऊ का?
– एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : नका राहू देऊ काका. ती माणसं नाहीतच, सॉफ्टवेअरने उघडलेली खाती आहेत, आणि त्यांना तुमच्या भुरीशी काही घेणंदेणं नाही. एक काम करा, त्यातल्या कुठल्याही एकाचं प्रोफाइल उघडा. नावाच्या जागी अक्षरं आणि आकडे, ‘माझ्याबद्दल’ मध्ये एकदम गुळगुळीत इंग्रजीत चार ओळी, बहुतेक कसिनो नाहीतर अमेरिकेतला कुठला तरी छपरं दुरुस्त करणारा, आणि खाली वेबसाइटच्या रकान्यात लिंक. झालं, त्याचं काम तिथेच संपलं. प्रोफाइलचं पान सगळ्यांना दिसतं म्हणजे गूगललाही दिसतं, आणि दुसऱ्याच्या कंपाउंडवर रात्रीतून पोस्टर चिकटवून जावं तशी ती लिंक तुमच्या नावावर लटकत राहते. नुसत्या वर्डप्रेसमध्ये नाव नोंदवलं म्हणून असं पान मिळत नाही, म्हणजे पुतण्याने बीबीप्रेस किंवा बडीप्रेससारखं मेंबरांना प्रोफाइल देणारं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचं जादा सॉफ्टवेअर) टाकलेलं असणार, त्याला विचारा.

गूगलवर ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, पुढे कोलन, त्याला चिकटून तुमच्या साइटचा पत्ता आणि मग जागा सोडून कसिनो असं इंग्रजीत टाइप करून बघा. तुमच्या साइटची किती पानं या धंद्याची म्हणून गूगलकडे नोंदली गेलीत ते समोर येईल, आणि मग ‘त्रास काही नाही’ असं तुम्ही म्हणणार नाही. गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या टूलमध्ये ‘यूजर जनरेटेड स्पॅम’ नावाची कारवाई असते, ती लागली की खऱ्या शेतकऱ्यालाही सर्चमध्ये साइट सापडणं अवघड होतं.

आज रात्रीच सेटिंग्ज, जनरलमध्ये जाऊन ‘एनीवन कॅन रजिस्टर’ वरची टिक काढा, चार दिवस नवीन मेंबर नाही आला तर आभाळ कोसळत नाही. मग बॅकअप घ्या (हे विसरू नका, खरंच) आणि ज्यांनी दिवाळीनंतर खातं उघडलं, एकही प्रश्न टाकला नाही आणि वेबसाइटचा रकाना मात्र भरलाय ती खाती आधी उडवा. सरसकट सगळी उडवू नका, कारण गावात नुसतं वाचायला येणारेही असतात, त्यांनी कधी काही लिहिलेलं नसतं पण ते आपलेच. त्यानंतर खरा इलाज, तो म्हणजे वेबसाइटचा रकानाच काढून टाकायचा आणि प्रोफाइल फक्त लॉगिन केलेल्याला दिसेल असं करायचं. लिंक कुणाला दिसतच नाही म्हटल्यावर खातं उघडून त्याला काय मिळणार? तरी ते येत राहतील, कारण सॉफ्टवेअरला कळत नाही, पण तुमचं नुकसान होणार नाही.

रजिस्ट्रेशन परत चालू करताना फॉर्ममध्ये एक प्रश्न टाका, ‘एप्रिलमधल्या छाटणीला काय म्हणतात?’ निफाडचा शाळकरी पोरगा पण खरड लिहील. आजकाल एआय हेही ओळखेल म्हणा, पण हे लोक हजारो साइटवर एकाच दमात फॉर्म भरत सुटतात, एकट्या तुमच्या साइटसाठी कोण डोकं लावणार. फक्त ‘खरड’, ‘खरड छाटणी’ आणि इंग्रजी अक्षरात लिहिलेलं असं सगळं बरोबर धरा, नाहीतर आपलेच लोक बाहेर राहतील आणि फोन तुम्हाला येतील.

प्रश्न : त्र्यंबकला आमचा होमस्टे आहे, २०२७ च्या सिंहस्थाचं बुकिंग विचारायला लोक साइटवर कॉमेंट करतात. स्पॅम आला की मी आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बघून ब्लॉक करते, दुसऱ्या दिवशी नवीन आयपीवरून हजर. किती ब्लॉक करायचे?
– गंगापूर रोडवरून एक वाचक

उत्तर : ताई, थांबवा हे, कारण तुम्ही बहुतेक गिऱ्हाईकच ब्लॉक करताय. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकच पब्लिक आयपी खूप जणांत वाटून देतात, त्यामुळे आज त्या आयपीवर बॉट, म्हणजे आपोआप स्पॅम टाकणारं सॉफ्टवेअर असेल आणि उद्या नांदेडचं कुटुंब. स्पॅमवाला तर भाड्याने प्रॉक्सी (दुसऱ्याच आयपीवरून आल्याचं दाखवणारी सोय) घेऊन बसलाय, त्याला काय फरक पडतो.

आयपीपेक्षा वागणं बघा. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये अ‍ॅक्सेस लॉग म्हणजे साइटवर कोण कधी आलं याची नोंद असते, त्यात माणूस आधी पान उघडतो, फोटो लोड होतात, मिनिटभराने कॉमेंट येते. बॉट पान न उघडताच थेट कॉमेंट फेकतो, नाहीतर उघडल्यापासून सेकंद-दोन सेकंदात, एवढ्यात तर आपलं नाव पण टाइप होत नाही. याच्यावरच दोन साधे सापळे आहेत, एक म्हणजे फॉर्ममध्ये डोळ्याला न दिसणारा रकाना ठेवायचा, बॉट तो भरतो आणि अडकतो, दुसरा म्हणजे फार लवकर आलेला फॉर्म घ्यायचाच नाही. अँटीस्पॅम बी हे फुकट प्लगइन बसवलं तरी बरंच काम होतं. अकिस्मेट हे दुसरं स्पॅम अडवणारं प्लगइन २००५ पासून आहे आणि चांगलं आहे, पण धंद्याच्या साइटला त्याचे पैसे पडतात. एखादा ईमेल किंवा आयपी संशयास्पद वाटला तर स्टॉप फोरम स्पॅम या साइटवर टाकून बघा, बाकी ठिकाणच्या तक्रारी तिथे दिसतात. आणि ‘मी रोबो नाही’ वालं चित्रांचं कोडं शेवटचा उपाय म्हणून ठेवा, सत्तरीतल्या यात्रेकरूला ट्रॅफिक सिग्नल शोधायला लावू नका.

प्रश्न : येवल्याहून पैठणी विकतो. साइटवर कॉमेंट आली, ‘खूप छान माहिती, धन्यवाद’. लिंक वगैरे काही नाही. अप्रूव्ह करायला हरकत नाही ना?

उत्तर : आहे. आधी नावावर बोट ठेवून बघा, कॉमेंटमध्ये लिंक नसली तरी नावातच असते बऱ्याचदा. नावातही नसेल तर जास्त सावध व्हा, कारण वर्डप्रेसमध्ये एकदा कॉमेंट मंजूर झालेल्या माणसाची पुढची कॉमेंट आपोआप छापली जाते, असं सेटिंग मुळातच असतं. म्हणजे पहिलं कौतुक हे नुसतं दार उघडून घ्यायला. पदराचा, काठाचा, रंगाचा एक तरी उल्लेख आहे का बघा, कुठल्याही साइटवर चालेल असं कौतुक असेल तर सरळ स्पॅम दाबा. डिलीट नको, स्पॅम, म्हणजे अकिस्मेटसारखा फिल्टर बसवलेला असेल तर तो शिकतो.

प्रश्न : कॉमेंटमधल्या लिंकला नोफॉलो (ही लिंक साइटच्या क्रमवारीत धरू नका, अशी गूगलला सांगणारी खूण) आहे, तरी स्पॅमवाले का येतात?

उत्तर : कारण ते बघतच नाहीत. नोफॉलो गूगलने जानेवारी २००५ मध्ये यासाठीच आणलं, २०१९ मध्ये वाचकांच्या लिंकसाठी यूजीसी ही वेगळी खूणही आली, पण लिंका टाकणाऱ्याला पैसे मोजणीवर मिळतात, परिणामावर नाही.

प्रश्न : सिडकोतल्या आमच्या सोसायटीच्या साइटवर कुणीतरी कॉमेंटमध्ये बँकेचा कस्टमर केअर नंबर टाकलाय. सभासदांना उपयोग होईल म्हणून ठेवला होता.

उत्तर : आत्ता काढा. पण काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ, आयपी, ईमेल सगळं यायला पाहिजे. बँक आपला नंबर दुसऱ्याच्या सोसायटीच्या साइटवर येऊन कॉमेंटमध्ये लिहीत नाही, हा नंबर घाबरलेला माणूस गूगलवर शोधेल तेव्हा सापडावा म्हणून पेरलेला असतो. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी पुढे पाठवला असेल तर तिथेही कळवा. कुणी फोन करून पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलीस ठाणे.