पाठ करत होती की पाठ केली

नवऱ्याच्या नोकरीमुळे मुलाला घेऊन कझानला जायचंय, रशियनमध्ये काळ तीनच आहेत, मग क्रियापदांना सगळे एवढे का घाबरतात, असं विचारलंयस. व्हिसा, नोंदणी वगैरे तुला वकिलातीच्या पानावर मिळेल. मी क्रियापदांचंच सांगते.

काळ जड जात नाहीत. भूतकाळ तर आपल्या आला-आलीसारखा लिंगाप्रमाणे बदलतो: 'वाचणे'चं तो 'चिताल', ती 'चिताला', अनेकजण 'चिताली'. खरी अडचण जोड्यांची. बहुतेक क्रियांना दोन क्रियापदं, एक अपूर्ण, एक पूर्ण. पूर्णाला वर्तमानकाळच नसतो. त्याची तशी रूपं भविष्य सांगतात. 'स्दावाला' म्हणजे परीक्षेला बसले, 'स्दाला' म्हणजे पास झाले. एका अक्षराचा फरक, पण नापास झालेलीही 'स्दावाला' म्हणू शकते.

माझ्या मुलीला रशियन शाळेत तिसरीत कविता पाठ करायला दिली होती. रात्री तिनं मला न अडखळता म्हणून दाखवली. सकाळी वर्गात घाबरून गप्प राहिली. बाईंनी मला विचारलं, तर मी म्हणाले, 'ओना उचीला.' मला म्हणायचं होतं, पाठ केलीय. बाईंना ऐकू आलं, पाठ करत होती. 'विउचिला' म्हणायला हवं होतं. पोरीच्या वहीत दोन गुण पडले. तिथे पाच पैकी दोन म्हणजे नापास. पुन्हा म्हणून दाखवायला सांगितलंही नाही. आता ती माझं रशियन सुधारते, तरी ते दोन गुण माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून सांगते, क्रियापद कधी एकटं पाठ करू नकोस, जोडीनंच कर. आणि 'करत होते म्हणजे अपूर्ण' एवढ्यावर थांबू नकोस. 'हे पुस्तक वाचलंयस का?' हे साधं विचारतानाही अपूर्णच लागतं.

एकटेपणाचं विचारलंयस. डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमारास सूर्य मावळतो. सवय होते.

आई एकदाच आली, तीन आठवडे राहून परत गेली. त्यानंतर शेजारच्या आजींनी जिन्यात विचारलं, तेव्हा मी 'मामा प्रियेखाला' म्हणाले; रशियनमध्ये मामा म्हणजे आई. 'प्रियेखाला'चा अर्थ आलीय, इथेच आहे. येऊन गेली याला 'प्रियेझ्झाला' म्हणतात, हे मला माहीत होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं. दुसऱ्या दिवशी आजी ताटलीभर चाक-चाक, म्हणजे मधातली तातार मिठाई, घेऊन दारात उभ्या, आईला भेटायला.