तिकिटावर एक नाव, विमानावर दुसरं

मँचेस्टर किंवा ब्रसेल्सला मुलांकडे गेलेले पुणेकर तिथून टुईसारख्या सुट्टी-विमानकंपनीने पुढे फिरायला जातात आणि परत आले की मला तेच ते विचारतात. विमानदुरुस्तीत हयात गेली म्हणून उत्तरं देतो. वकील मी नाही.

टेनेरिफ या स्पॅनिश बेटासाठी बुकिंग करताना ड्रीमलायनर हे बोइंगचं मोठं विमान दाखवलं होतं, आता त्याच कंपनीचं छोटं ७३७ दाखवतात. ही फसवणूक नाही का? (कोथरूड)

नाही. तिकीट प्रवासाचं असतं, मॉडेलचं नसतं. जादा पैसे भरून प्रीमियम सीट घेतली असेल आणि ती गेली असेल, तर बुकिंगच्या अटी वाचून फरक मागा.

व्हॉट्सॲपवर आलंय की ७३७ ची नवी आवृत्ती, ७३७ मॅक्स, अजून धोकादायक आहे. तिकीट रद्द करू का? (औंध)

ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली, हे खरं. एमकॅस नावाची प्रणाली एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विसंबून विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत होती. आता दोन सेन्सरचे आकडे ताडून पाहिले जातात, आणि ते जुळले नाहीत तर ती प्रणाली गप्प बसते. युरोपच्या नियामकाने जानेवारी २०२१ मध्ये उड्डाणाला पुन्हा परवानगी दिली. टुईच्या ताफ्यात जुन्या ७३७-८०० च्या जागी मॅक्सच येतात, त्यामुळे दर वेळी टाळणं जमणार नाही. हे फॉरवर्ड करणाऱ्यांना इतकंही ठाऊक नसतं. तरी छातीत धडधडत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

जर्मनीहून निघालो. तिकीट एका सुट्टी-कंपनीचं, विमान आणि कर्मचारी भलत्याच कंपनीचे. पाच तास उशीर झाला. एजंट म्हणतो, विमान भाड्याचं होतं, त्यातून तांत्रिक बिघाड, भरपाई विसरा आणि व्हाउचर घ्या. याला आता दीड वर्ष झालं. (सहकारनगर)

दीड वर्ष! आणि इतके दिवस एजंटचं ऐकत बसलात?

नीट समजून घ्या. सुट्टी-कंपन्यांना जुलै-ऑगस्टमध्ये विमानं कमी पडतात आणि जानेवारीत ती उभी राहतात. म्हणून उन्हाळ्यात त्या दुसऱ्याचं विमान घेतात, हिवाळ्यात आपलं देतात. कोरेंडॉन या युरोपातल्या सुट्टी-कंपनीची ७३७ विमानं हिवाळ्यात आपल्याकडे स्पाइसजेटसाठी उडाली ती अशीच. विमान, वैमानिक, कर्मचारी, देखभाल, विमा असं सगळं भाड्याने येतं आणि इंधन घेणाऱ्याचं, त्याला वेट लीज म्हणतात. पुण्याला हे नवं नाही. २००८ मध्ये लुफ्तान्साची फ्रँकफर्ट–पुणे सेवा सुरू झाली तेव्हा विमान प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीचं होतं. किती जणांनी ते नाव वाचलं होतं?

लग्नसराईत ट्रॅव्हल्सवाला बाहेरची बस ड्रायव्हरसकट लावतो. ती कात्रजच्या घाटात बंद पडली, तर आपण कॉलर ज्याने पैसे घेतले त्याचीच धरतो. युरोपीय न्यायालयाने ४ जुलै २०१८ रोजी साधारण हेच म्हटलं. हॅम्बर्ग–कॅनकुन (मेक्सिको) उड्डाण टुईच्या जर्मन कंपनीचं, टुईफ्लायचं होतं, विमान आणि कर्मचारी थॉमसन एअरवेजचे, आणि बुकिंगवर ‘ऑपरेटेड बाय थॉमसन’ असंही छापलेलं. तरी जबाबदार ठरली ती उड्डाण ठरवणारी टुईफ्लाय, विमान भाड्याने देणारी थॉमसन नाही. तांत्रिक बिघाडाच्या सबबीलाही न्यायालयाने २००८ मध्येच चाप लावलाय. नेहमीच्या देखभालीत निघणारा दोष हे भरपाई टाळायचं कारण सहसा धरत नाहीत. युरोपच्या नियमाप्रमाणे ही भरपाई अंतरानुसार २५० ते ६०० युरो असते.

व्हाउचरवर सही करू नका. जर्मनीत अशा दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, म्हणजे तुमची अजून आहे. पण ‘उड्डाण ठरवणारी’ तुमच्या बाबतीत कोण, हे माझ्यासारख्याने पत्रावरून सांगू नये. बोर्डिंग पास आणि बुकिंगचा ईमेल घेऊन प्रवासी-हक्कांच्या वकिलाला गाठा, याच आठवड्यात.

थॉमस कुक बुडाली ना? मग आमच्या टूरचे पैसे गेले? (बिबवेवाडी)

२३ सप्टेंबर २०१९ ला बुडाली ती ब्रिटिश कंपनी. भारतातली थॉमस कुक २०१२ पासून फेअरफॅक्स या कॅनडाच्या कंपनीच्या मालकीची, वेगळी. पावती कोणत्या कंपनीच्या नावाची आहे ते बघा, शंका वाटली तर शाखेत जाऊन विचारा.

लोहगावहून युरोपला थेट मोठं विमान कधी? बिल्डर म्हणतो, लवकरच. (विमाननगर)

बिल्डर फ्लॅट विकतो, विमान नाही. धावपट्टी हवाई दलाची, लांबी जेमतेम अडीच किलोमीटर, आणि एप्रिल-मेच्या तापलेल्या, विरळ हवेत इंधनाने भरलेल्या विमानाला उडायला जास्त पळावं लागतं. टर्मिनल नवं झालं म्हणून धावपट्टी लांबत नाही. विमानतळासाठी फ्लॅट घेणार असाल तर आधी कागद वकिलाला दाखवा. युरोपला जायचं असेल तर मुंबई गाठा आणि घाटातली कोंडी धरून लवकर निघा.