वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी, नवा रंग आणि फुगलेलं बिल

प्रश्न : माझी १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. २०१४ साली पूर्ण रंगवली तेव्हा ३८ हजार लागले. आता उद्यमनगरात एकानं ९५ हजार सांगितले, दुसऱ्यानं १ लाख ७० हजार. रंगाचा डबा एवढा महागला का, की जुनी गाडी बघून आकडा लावतात?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : डबा महागलाय, पण बिल फुगतं ते मजुरीनं. पद्मिनीला दारांच्या फटी, डिकी आणि बॉनेटची आतली बाजू धरून वरचा रंग ३ ते ४ लिटर लागतो, एपॉक्सी प्रायमर (पत्र्याला गंजापासून वाचवणारा पहिला थर) २ लिटर आणि सरफेसर (रंगाआधी घासून सपाट करायचा थर) ३ लिटरच्या आसपास. मेटॅलिक असेल तर वर अडीच-तीन लिटर क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकाकीचा थर. प्रत्यक्ष रंग मारायला एक दिवस पुरतो. त्याआधी काचा, रबरं, क्रोमच्या पट्ट्या उतरवणं, जुना थर काढणं, पत्रा ठोकणं, लांबी (पुटी) भरून ठोकळ्यावर पेपर लावून घासणं आणि शेवटी बफिंग, फिटिंग, असं सगळं मिळून एका माणसाचे २५ ते ३० दिवस सहज जातात. ठोकळ्यावर सरळ घासणारा हात आता कमी झालाय. नव्या गाड्यांच्या कामात एक दरवाजा, एक बंपर असं पटकन संपतं, त्यामुळे महिनाभर जागा अडवणारी गाडी कुणाला नको असते. त्या अडलेल्या जागेचं भाडंही तुमच्याच आकड्यात बसतं.

दोन्ही कारागीर प्रामाणिक असू शकतात, कारण दोघं बहुधा वेगवेगळं काम सांगताहेत. ९५ हजारवाला जुन्या रंगावर पेपर मारून, काचेच्या रबराला टेप लावून वरून रंग देणार असेल. १ लाख ७० हजारवाला गाडी पत्र्यापर्यंत सोलणार असेल. टेप लावलेल्या रबराच्या कडेशी रंगाची धार राहते आणि एक-दोन पावसाळ्यांत तिथूनच पापुद्रा सुटतो. म्हणून आकड्यावर घासाघीस करण्याआधी लेखी घ्या : कोणते भाग पत्र्यापर्यंत सोलणार, काचा काढणार का, एपॉक्सीचे कोट किती, आणि सडलेल्या पत्र्याचा दर भागानुसार वेगळा किती. पत्र्याचं एकरकमी बोलू नका. रंग उतरल्याशिवाय आत काय आहे ते डेंटरलाही दिसत नाही, मग तो भीतीपोटी आकडा वाढवून ठेवतो.

अख्खी गाडी सोलायची गरज असतेच असं नाही. जाडी मोजायचं यंत्र मागा. कंपनीचा रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, ३०० च्या वर गेला की पुन्हा रंगवलेला, १००० च्या वर म्हणजे खाली लांबी. जिथं थर पातळ आणि घट्ट आहे तिथं ३२० नंबरच्या पेपरनं घासून पुढं जाता येतं. मात्र आधी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा दोन मिनिटं दाबून धरा. रंग बोळ्याला लागला तर तो जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे ड्युको. त्यावर थेट पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारला तर खालचा थर फुगून उचलतो आणि वर सुरकुत्या पडतात. असा रंग काढलेलाच बरा.

पैसे वाचवायचेत तर पट्ट्या, दिवे, बंपर, सीट स्वतः काढा आणि प्रत्येक क्लिप खूण करून डबीत ठेवा. तुटलेली क्लिप शोधायला नंतर जास्त फिरावं लागतं. एपॉक्सी आणि हार्डनरमध्ये मात्र वाचवू नका. आणि पीयू घरच्या शेडमध्ये स्वतः मारू नका. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही.

प्रश्न : ओळखीच्या फाउंड्रीत दरवाजे आणि बॉनेट शॉट ब्लास्टिंग करून देतो म्हणतात, तेही फुकट. द्यावेत का?
– शिरोली

उत्तर : नको. ते यंत्र बिडाच्या कास्टिंगसाठी असतं. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा. लोखंडी छर्रे आदळले की एका बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो आणि बॉनेटला पोट येतं. दाबलं की टक्क करून आत जातं, सोडलं की बाहेर. ते सरळ करायचा खर्च सोलण्याच्या मजुरीपेक्षा मोठा. पोलादी रिम खुशाल द्या. पत्र्यासाठी पेंट रिमूव्हर आणि खरवडणी, किंवा ८० नंबरची हलकी डिस्क, तीही एका जागी न थांबवता, म्हणजे पत्रा तापणार नाही.

प्रश्न : मे महिन्यात अॅम्बेसेडर रंगवली. गणपतीपर्यंत दारांच्या खालच्या कडेला फोड आले. रंग नकली होता का?
– फुलेवाडी

उत्तर : रंगावर संशय शेवटी घ्या. एक फोड फोडून बघा. खाली ओलसर, तांबूस गंज असेल तर लांबी थेट उघड्या पत्र्यावर भरली आणि पाणी मारून घासली, असंच बहुतेक झालंय. लांबी खडूसारखं पाणी पिते. वरून कोरडी दिसते, आत ओल राहते, दुसऱ्या दिवशी प्रायमर बसला की ती कोंडली जाते.

आता तेवढा भाग पत्र्यापर्यंत उघडा करा. गंज घासून काढा, खड्ड्यांना फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक लावा, धुऊन पूर्ण वाळवा. एपॉक्सीचे दोन कोट, तो वाळल्यावर हलका घासून वर लांबी, जाडी २-३ मिलिमीटरच्या आत. १०० ग्रॅम लांबीला हार्डनर २ ते ३ ग्रॅम. घाई म्हणून जास्त घातला तर पांढऱ्या गाडीवर पुढं पिवळट डाग उमटतात. ८०, १५०, २४० असं सुकंच घासा, पाणी फक्त सरफेसर बसल्यावर. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेनं तपासा. लांबी भरताना ती बुजवायची खोड बऱ्याच पेंटरांना असते.

प्रश्न : कोल्हापुरात कोणत्या महिन्यात रंगवावी?

उत्तर : बंद बूथ, म्हणजे रंगकामाची बंदिस्त खोली असेल तर कधीही. उघड्या शेडमध्ये जून ते सप्टेंबर टाळाच. दमट हवेत ड्युको पांढुरका पडतो आणि पीयूचा हार्डनर ओलाव्याशी भिडून बारीक फुगे धरतो. गाळप हंगामात कारखान्याच्या धुराड्यातली चिपाडाची काजळी ओल्या क्लिअरवर बसते, ती बफिंगनंही जात नाही. कारखाने बंद झाल्यापासून वळीव सुरू होईपर्यंतचे दिवस त्यातल्या त्यात बरे. तेव्हा थिनर मात्र सावकाश सुकणारा घ्या, कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडा आणि दोन कोटांत १० ते १५ मिनिटं ठेवा.

प्रश्न : पांढऱ्याची मोरपंखी केली तर चालेल?
– कागल

उत्तर : आरसीवर रंग नोंदलेला असतो. आधी आरटीओत अर्ज, मग रंग, आणि विमा कंपनीलाही कळवा. छटा डोळ्यानं जुळवून मिसळू देऊ नका. दुकानातून मिसळणीची चिठ्ठी घ्या आणि हार्डनर न घातलेला पाव लिटर रंग घट्ट डब्यात ठेवा. पुढं दार घासलं गेलं तर अख्खी बाजू रंगवायची वेळ येणार नाही.