चांगला क्राऊड म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कोथरूडला भाड्याने राहतो, जुनी सोसायटी आहे, १६ फ्लॅट. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे, सेमी इंग्लिशला, शाळा चालत दहा मिनिटांवर. मुलगी साडेचार वर्षांची. संध्याकाळी मुलगा मागच्या वस्तीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळतो आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत त्याच्या तोंडात शिव्या यायला लागल्यात, परवा तर आजीसमोर एक दिली. मिस्टरांचं ऑफिस हिंजवडीला, ते म्हणतात इथला क्राऊड आता आपला नाही, वाकड-पुनावळेकडे मोठ्या टाउनशिपमध्ये फ्लॅट घेऊ, तिथे क्राऊड चांगला आहे, शेजारीच इंटरनॅशनल स्कूल आहे. नणंद तिकडेच राहते, ती म्हणते अजिबात येऊ नका, इथे पोरं एकमेकांचे शूज आणि फोन बघतात, बर्थडेला हॉल बुक करावा लागतो. माझं डोकं चालेनासं झालंय. मुलांना चांगला क्राऊड मिळावा म्हणून कुठे राहायचं आणि कुठल्या शाळेत घालायचं?

उत्तर : तीनदा क्राऊड लिहिलंय तुम्ही, आणि तिन्ही वेळा मला त्यात माणसांपेक्षा फ्लॅटचे रेटच जास्त दिसले, रागावू नका हं.

आधी शिव्यांचं बोलू. माझ्या मुलाने पहिली कचकचीत शिवी आणली ती स्कूल व्हॅनमधून, आणि ती शिकवणारा आठवीतला मुलगा भरपूर फी असलेल्या शाळेतला होता. म्हणजे वस्तीतली पोरं शिव्या देत नाहीत असं नाही, देतातच, पण टाउनशिपमधली इंग्लिशमध्ये देतात म्हणून आजीला कळत नाहीत इतकंच. नऊ वर्षांच्या मुलासाठी शिवी म्हणजे गँगमध्ये शिरायचं तिकीट असतं. तुम्ही फक्त एक बघा, आजीसमोर शिवी गेल्यावर त्याने जीभ चावली का? चावली असेल तर कुठे काय बोलायचं हे त्याला कळतंय, घरात चालणार नाही एवढं ठणकावून सांगा आणि विषय संपवा. काळजीच्या गोष्टी वेगळ्या असतात. त्याच्याकडे कुठून तरी पैसे यायला लागलेत का, खेळायला जातो म्हणून सांगून मैदानावर नसतोच असं होतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रुपमध्ये त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा कुणी आहे का जो ह्यांना मोबाईल दाखवतो. पोरगा वस्तीतला की बंगल्यातला ह्यापेक्षा मी नेहमी हे वयाचं अंतर बघते.

दिल्लीत ह्यावर एक छान अभ्यास झालाय, गौतम राव नावाच्या अर्थतज्ज्ञांनी केलेला, २०१९ मध्ये छापून आला. तिथल्या बऱ्याच महागड्या शाळांना २००७ पासून गरीब घरच्या मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या, तर त्या मुलांबरोबर वर्गात बसून श्रीमंतांच्या पोरांचं काय झालं हे त्यांनी तपासलं. मुलं जास्त उदार झाली, दुसऱ्याला मदत करायला पुढे यायला लागली, रिले रेससाठी जोडीदार निवडताना गरीब मुलगा जोरात पळतो हे दिसत असूनही त्याला डावलायचं प्रमाण कमी झालं. गणित आणि हिंदीच्या मार्कांवर काही परिणाम नाही, इंग्लिशचे थोडे घसरले. आणि हो, शिव्या थोड्या वाढल्या. दंगा-मारामारी वाढली नाही, शिव्या वाढल्या! तुमचं पत्र वाचताना मला हेच आठवत होतं. तसंही आता आरटीईमुळे खासगी शाळांमध्ये, अल्पसंख्याक संस्थांच्या सोडल्या तर, सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा असतातच, त्यामुळे 'सगळे आपल्यासारखे' असा वर्ग शोधायला जाऊ नका, आणि मिळाला तरी त्यात मुलाचं भलं आहे असं मला वाटत नाही.

आता टाउनशिप. नणंदेचं सगळं खरं धरू नका आणि मिस्टरांचंही नको, स्वतः जाऊन बघा, पण रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला नाही, मधल्या वारी संध्याकाळी साडेसहाला जा आणि प्ले एरियाच्या बाकावर तासभर बसा. तुमच्या मुलाच्या वयाची पोरं आपापली खाली येतात का, की प्रत्येकाबरोबर एक मावशी आणि सात वाजता क्लास? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेटवर उभ्या राहा आणि किती शाळांच्या बस येतात ते मोजा. हे कुणी करत नाही आणि ह्यातच सगळं कळतं. दहा शाळांच्या दहा बस असतील तर मुलाचे शाळेतले मित्र रावेत-बाणेरला राहणार, खालचे मित्र वेगळेच असणार, आणि कुणाकडे खेळायला जायचं म्हणजे दोन आयांचे व्हॉट्सअॅप आणि गाडी. तेच चार-पाच पोरं एकाच बसमधून जातात आणि संध्याकाळी त्याच ग्राउंडवर भेटतात असं असेल तर शाळा थोडी डावी असली तरी मी ती घेईन. आत्ता तुमच्याकडे हे आहे बघा, चालत शाळा आणि खाली क्रिकेट, आणि ते फुकट मिळालंय म्हणून तुम्हाला त्याची किंमत वाटत नाहीये.

अजून एक, भाडेकरू किती आहेत ते विचारा. आयटीवाली कुटुंबं दोन वर्षांनी बंगलोर नाहीतर हैदराबादला जातात आणि ज्याच्याशी गट्टी जमली तोच मित्र जातो, मुलं ह्याने फार हिरमुसतात. आणि भाषा. खाली पोरं हिंदी बोलत असतील तर तुमची धाकटी वर्षभरात घरातही हिंदीत उत्तरं देईल, कारण लहान मुलं आईबापांची नाही, मैदानाची भाषा उचलतात, परदेशात गेलेल्या कुठल्याही मराठी घरात बघा. मी वाईट म्हणत नाहीये, फक्त आजीशी ती कशात बोलणार ह्याचा विचार आधी करून ठेवा.

शूज-फोनबद्दल नणंद बरोबर आहे. शाळेच्या फीचा पहिला हप्ता भरतानाच तुम्हाला घाम फुटत असेल तर त्या वर्गात तुमचा मुलगा 'कमी असलेला' ठरणार आणि मग शूज, फोन, व्हेकेशन हे सगळं घरी येणार. अशा कमीपणातून कॅरेक्टर घडतं वगैरे मला पटत नाही.

पण मिस्टरांची एक बाजू तुम्ही पत्रात अर्ध्या वाक्यात उडवलीत. ऑफिस हिंजवडीला! तिथला ट्रॅफिक मी नव्याने सांगायला नको. बाप रोज साडेसहाला घरी येणार असेल तर मी म्हणेन जरूर शिफ्ट व्हा, पण कारण ते असू दे, मागची वस्ती नको. आणि जायचं असेल तर रेंगाळू नका. अमेरिकेत १९९४ पासून गरीब कुटुंबांना बऱ्या वस्तीत भाड्याने घर घ्यायला मदत देऊन बघितलं होतं, पुढे राज चेट्टी नावाचे अर्थतज्ज्ञ आणि मंडळींनी त्या मुलांच्या कमाया तपासल्या तर १३ वर्षांच्या आत गेलेल्यांचं बरंच भलं झालेलं आणि त्यानंतर गेलेल्यांचं काहीच नाही, उलट थोडं नुकसानच. तिथल्या वस्त्या म्हणजे भयंकर गुन्हेगारीच्या होत्या, कोथरूड तसं नाही, त्यामुळे त्यातली कमाई विसरा, पण वयाचा मुद्दा मला पटतो. आठवीत मुलाला उचलून नव्या ठिकाणी टाकणं अवघड, त्या वयात मित्र म्हणजेच सगळं असतं. तुमच्याकडे आत्ता सोय आहे, चौथी संपतेय, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पाचवीपासून शाळा नाहीतर निदान इमारत तरी बदलते, सगळीच पोरं विखुरतात, आणि धाकटीची पहिली अजून लांब आहे.

म्हणून माझं ऐकाल तर फ्लॅट लगेच बुक करू नका. जूनपासून त्याच टाउनशिपमध्ये ११ महिन्यांच्या अॅग्रीमेंटवर भाड्याने राहा. दिवाळीपर्यंत मुलगा खाली कुणाकुणाला हाका मारतो ते ऐका. मग लोनचं बघू.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे, आम्ही उदगीरचे. पुढे नीटसाठी लातूरला ठेवायची आहे. हॉस्टेल बरं की आईने रूम करून तिच्याबरोबर राहावं? हॉस्टेलला संगत कशी मिळेल सांगता येत नाही.

उत्तर : दादा, घरात आणखी एखादं लहान मूल गावात शाळेला असेल तर आईला दोन वर्षं लातूरला पाठवून घर मोडू नका, आणि मुलीला विचारलंत का? तिच्याच वर्गातली एखादी मैत्रीण तिकडे जात असेल तर दोघींना एकत्र ठेवा, अर्धी काळजी तिथेच मिटते. हॉस्टेल बघताना मेसच्या आधी विचारा की एका खोलीत किती मुली आणि कुठल्या बॅचच्या. अकरावीच्या मुलीला रिपीटरच्या, म्हणजे नीट पुन्हा देणाऱ्या मुलींच्या, खोलीत टाकू नका, त्या मुली वाईट नसतात हो, पण त्यांच्यावर वर्षाचं ओझं असतं आणि रात्री दोनपर्यंत लाईट चालू, नवीन पोरगी आठवड्यात घाबरते. वॉर्डनबाईंना एकदा न सांगता भेटा, आणि पहिले दोन महिने दर रविवारी कुणीतरी जा, उदगीर काही लांब नाही. गेलात की टेस्टचे मार्क नंतर विचारा, आधी विचारा जेवायला कुणाबरोबर बसतेस.